विनाअट

"चपला बाहेर नका काढू, आत आणा. गल्लीतलं कुत्रं जुन्यांना तोंड लावत नाही, नव्याच नेतं."

रणखांब बाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. विद्यापीठाचा शिक्का असलेली फाईल छातीशी धरून मी त्यांच्या दारात उभी होते. दान द्यायला निघालेली म्हातारी कशी असेल याचं एक चित्र मी मनाशी रंगवलं होतं. त्यात देवघर होतं, मंद आवाज होता आणि चहाचा ट्रे होता. इथे मी चपला हातात घेऊन आत शिरले, तर पाय ठेवायला जागा नव्हती.

ऑक्टोबर महिना, सकाळचे साडेनऊ. शिक्षक सोसायटीतलं चार खोल्यांचं घर. जिथे बघावं तिथे बाया वाचत बसलेल्या. एक जिन्याखाली, दोघी स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून. पस्तिशीची एक बाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. आणखी एक फोनच्या रिसीव्हरमध्ये विचारत होती, "ताप उतरला का त्याचा? गोळी अर्धीच दिली ना?"

"चला गं," रणखांब बाईंनी टाळी वाजवली. "हॉल तिकीट, दोन पेनं, घड्याळ. दाखवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. चाळिशीला आलेल्या, दोन-दोन लेकरांच्या आया, स्वतः शाळेत पोरांना रांगेत उभं करणाऱ्या बाया. बाई एकेकीचं हॉल तिकीट डोळ्यांजवळ धरून तपासायच्या आणि मग तिच्या तळहातावर चमचाभर दहीसाखर घालायच्या. एकीचं पेन कागदावर उमटेना. बाईंनी आपल्या केसांत खोचलेलं बॉलपेन काढून तिला दिलं. आठ जणी गेल्या आणि घर एकदम मोठं झालं.

"आता बसा," बाई मला म्हणाल्या. "बोला, माझं पत्र मिळालं ना?"

पत्र मिळालं होतं, म्हणून तर मी आले होते. मी तेव्हा विद्यापीठात सहायक कुलसचिव होते. आस्थापना विभागाचं मूळ काम आणि वर देणगी कक्षाचा अतिरिक्त कार्यभार. अतिरिक्त कार्यभार म्हणजे काम दोघांचं आणि बोलणी चौघांची. पण एका गोष्टीचा मला अभिमान होता. माझी टिपणी वरून कधी परत येत नसे. कुलसचिव म्हणायचे, "उंबरकर मॅडमच्या मसुद्यात सही करायला जागा सोडलेली असते, शंका काढायला नसते."

बाईंनी पत्रात लिहिलं होतं की, मी या विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी असून माझ्या पश्चात माझं राहतं घर विद्यापीठाला देण्याची इच्छा आहे.

"कोणत्या महाविद्यालयातून केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"महाविद्यालय कसलं? बहिःस्थ. बी.ए. आणि एम.ए., दोन्ही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, घरी अभ्यास करायचे आणि परीक्षेला इथे यायचे. वसतिगृह तुमच्या नियमित मुलींना. आम्ही बाहेरच्या. पहिल्या वर्षी मी एस.टी. स्टँडवर राहिले, बायकांच्या खोलीत. तीन दिवस गेले, चौथ्या दिवशी कंट्रोलर म्हणाला, बाई, तुम्ही रोज रोज कोणत्या गाडीची वाट बघताय? मग एका देवळाच्या ओवरीत. इतिहासाच्या पेपराला मी झोपले."

"म्हणजे?"

"म्हणजे झोपले. लिहिता लिहिता. पर्यवेक्षकांना वाटलं मेली. पाणी मारून उठवलं तेव्हा पंधरा मिनिटं उरली होती. त्या पेपरात गेले. वर्ष गेलं." बाई हसल्या. "तेव्हाच ठरवलं, या गावात घर बांधीन तर परीक्षेला चालत जाता येईल अशा ठिकाणी. लोक नोकरीजवळ घर बांधतात, मी परीक्षेजवळ बांधलं. तोवर माझ्या परीक्षा संपल्या होत्या, ती गोष्ट वेगळी."

तेव्हापासून दर एप्रिल आणि ऑक्टोबरला त्यांच्याकडे मुली यायच्या. कुणी कुणाला पत्ता सांगितलेला. भाडं नाही, ओळख लागत नाही. हॉल तिकीट हीच ओळख.

"आता सत्तरी जवळ आली," बाई म्हणाल्या. "भाचा आहे, गुणी आहे. पण त्याला घर दिलं तर तो त्यात राहील. राहणारच, त्यात त्याची काय चूक? म्हणून म्हटलं विद्यापीठाला द्यावं. विद्यापीठ मरत नाही ना. अट एकच. एप्रिल-ऑक्टोबरात बाहेरगावच्या मुलींना इथे राहू द्यायचं. बाकीचे महिने तुम्ही काय वाटेल ते करा."

मी फाईलमध्ये लिहून घेतलं: एक अट. त्याखाली लाल रेघ मारली. आमच्याकडे लाल पेनाच्या रेघेचा अर्थ कौतुक असा होत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही बिराजदार वकिलांच्या कार्यालयात बसलो होतो. वकील बाईंचे जुने विद्यार्थी. त्यांना बाईंसमोर खुर्चीत बसायचंही अवघड जात होतं. त्यांनी मृत्युपत्राचा कच्चा मसुदा वाचून दाखवला. सातव्या कलमात ती अट होती, स्वच्छ, वळणदार भाषेत.

"हे सातवं कलम काढावं लागेल," मी म्हणाले.

वकिलांनी चष्मा खाली घेतला. "का बरं?"

मी समजावून सांगितलं. मला ते फार छान समजावता यायचं. अट असलेली देणगी आली की फाईल आधी विधी अधिकाऱ्याकडे, मग बांधकाम विभागाकडे, मग वित्त विभागाकडे जाते. प्रत्येक जण एकेक प्रश्न काढतो. एका गृहस्थांनी पाली विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पदक ठेवलं, पण तो त्यांच्याच तालुक्यातला असावा अशी अट घातली. अकरा वर्षं झाली, गृहस्थ गेले, त्यांची बायको गेली, फाईल अजून फिरतेय. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं. तेच विनाअट दिलं तर एका बैठकीत ठराव. घराचा वापर कशासाठी करायचा ते मी टिपणीत लिहीन. टिपणीवर मान्यता मिळाली की ते पक्कंच.

"अट नको तर नुसती इच्छा म्हणून लिहू," वकील म्हणाले.

"इच्छा काय, अट काय, विधी अधिकारी तेवढंच शोधत बसलेले असतात."

"मॅडम, मी तीस वर्षं मृत्युपत्रं लिहितोय. गेलेल्या माणसाला तोंड नसतं. कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच तो बोलतो."

"वकीलसाहेब, हा भाऊबंदकीचा मामला नाही. विद्यापीठ आहे ते."

मला राग आला होता, हे खरं. माझ्या टिपणीवर कुणी शंका घेतली की मला तो यायचाच. बाई मात्र आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. वर्गात दोन हुशार पोरं भांडायला लागली की शिक्षक बघतात तसं. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्या दिवसापर्यंत मी मॅडम होते.

"नीलिमा, तू काय सांगतेस? खरंच अडेल?"

"अडेल, बाई."

"आणि तू आहेस तिथे?"

"मी आहे ना. निवृत्तीला अजून सोळा वर्षं आहेत मला."

बाई बिराजदारांकडे वळल्या. "खोडा वकीलसाहेब सातवं कलम. ज्यानं मला पदवी दिली त्याच्यावर अविश्वास कशाला दाखवायचा?"

बिराजदारांनी कलम खोडलं. खोडताना ते माझ्याकडे बघत होते, कागदाकडे नाही. पक्की प्रत झाल्यावर शेजारचे डॉक्टर आणि एक निवृत्त पोस्टमास्तर साक्षीला आले. बाईंनी सही केली, खाली मराठी अंकांत तारीख घातली आणि मला म्हणाल्या, "चल, उसाचा रस पिऊ."

टिपणी मी त्याच संध्याकाळी लिहिली. चौथ्या परिच्छेदात बाईंची परीक्षेची सगळी व्यवस्था, बहिःस्थ मुलींची अडचण, वास्तूचा वापर त्यासाठीच व्हावा, सगळं होतं. मला तो परिच्छेद आवडला होता. तसं मी टिपणीत फार कमी वेळा लिहिलंय.

कुलसचिव अंबुलगे सरांनी टिपणी वाचली आणि चौथ्या परिच्छेदावर पेन्सिलीनं एक तिरपी रेघ ओढली.

"हे कशाला? विनाअट आहे ना देणगी?"

"हो सर. पण बाईंची तशी..."

"मग न मागितलेलं आश्वासन आपण का द्यायचं? उद्या वॉर्डन नेमा, शिपाई नेमा, पाणीपट्टी भरा. आणि एखाद्या मुलीला तिथे काही झालं तर जबाबदारी कुणाची? तुमची?"

"सर, मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय मॅडम, विद्यापीठानं नाही." ते रागावले नव्हते. अंबुलगे सर कधी रागवायचेच नाहीत. "स्वच्छ प्रत करून आणा. वर्धापनदिनाच्या आत ठराव झाला पाहिजे."

स्वच्छ प्रत करायला मला दहा मिनिटं लागली. तीन परिच्छेद राहिले. सही करायला भरपूर जागा.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ती मी इतका वेळ मागे ठेवली. मी वकिलांसमोर विधी विभाग, वित्त विभाग असं जे काही बोलले ते खोटं नव्हतं. अटीच्या फाईली खरंच अडायच्या. पण पालीच्या पदकासारखी एखादी सोडली तर फार तर दोन वर्षं, तीन वर्षं अडायच्या. बाईंना कसली घाई होती? त्या चांगल्या ठणठणीत होत्या. घाई मला होती. विद्यापीठाचं रौप्यमहोत्सवी वर्ष होतं. वर्धापनदिनाला कुलगुरूंना मंचावरून देणग्या जाहीर करायच्या होत्या आणि देणगी कक्षाच्या यादीत सांगण्यासारखं काही नव्हतं. उपकुलसचिवाची जागा रिकामी होती. मुलाखती जानेवारीत होत्या. हे मी तेव्हा स्वतःलाही असं सरळ सांगितलं नव्हतं. बाईंच्या भल्यासाठीच सगळं चाललंय असं मला वाटत होतं, आणि तसं वाटून घेणं मला जमत होतं.

वर्धापनदिनाला बाई कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या. भाचा सोबत होता. कुलगुरूंनी शाल दिली, नारळ दिला, "या माउलीनं आपलं सर्वस्व ज्ञानमंदिराला अर्पण केलं" वगैरे भाषण झालं. टाळ्या पडल्या. बाई मंचावरून खाली उतरल्या तेव्हा मी त्यांना हात दिला. शाल खांद्यावरून घसरत होती. मी ती नीट करत होते तेव्हा त्यांनी हळूच विचारलं,

"ते मुलींचं लिहिलंस ना टिपणीत?"

"हो बाई."

"बास," त्या म्हणाल्या आणि माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली. माझी आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यानंतर माझ्यासाठी तसं कुणी केलं नव्हतं.

मी लिहिलं होतंच की. लिहिलेलं खोडलं गेलं, एवढंच मी बोलले नाही. त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं की कार्यक्रम फार छान झाला. फेब्रुवारीत मी उपकुलसचिव झाले.

बाई त्यानंतर साडेचार वर्षं जगल्या. साडेचार वर्षं म्हणजे नऊ परीक्षा. प्रत्येक परीक्षा संपली की त्यांचा मला कार्यालयात फोन यायचा. "या वेळी अकरा होत्या. दोघींना वरच्या पत्र्याच्या खोलीत झोपवलं." "या वेळी एक बाळंतीण आली होती गं, सव्वा महिन्याचं पोर घेऊन. पेपरभर मी सांभाळलं. माझ्या आयुष्यात मी पोर सांभाळलं नव्हतं, पण शांत राहिलं बिचारं." मी ऐकायची, हसायची. प्रत्येक फोनच्या शेवटी मला वाटायचं, आता सांगावं. बाई, एकदा वकिलांकडे जाऊन या. सातवं कलम परत घाला. माझ्याच्यानं नाही झालं ते. मृत्युपत्र बदलायला अर्धा दिवस पुरतो. नऊ वेळा मला संधी होती आणि नऊही वेळा मी "तब्येतीला जपा बाई" म्हणून फोन ठेवला. सांगितलं असतं तर त्या रागावल्या नसत्या. "बरं झालं वेळेत बोललीस," एवढंच म्हणाल्या असत्या. ते मला तेव्हाही माहीत होतं.

ऑगस्टमध्ये बाई गेल्या. झोपेतच, कुणाला त्रास न देता. भाचा दहाव्यानंतर माझ्या कार्यालयात आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत मृत्युपत्र आणि घराच्या किल्ल्या.

"आत्यानं बजावून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातात नको, उंबरकर मॅडमच्याच दे म्हणून." तो उठला, पुन्हा बसला. "मॅडम, ऑक्टोबरच्या मुलींचं तुम्ही बघालच ना? नाहीतर या वेळेपुरतं मी उघडून देतो. कागद व्हायला वेळ लागत असेल."

"नाही नाही, आम्ही बघतो," मी म्हणाले. त्याच्या तोंडाला पानं पुसतेय असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मी खरंच ठरवलं होतं, व्यवस्थापन परिषदेत आपण उभं राहून बोलायचं.

परिषद सप्टेंबरात झाली. विषय क्रमांक चौदा. कुलगुरू नवे होते, अंबुलगे सर निवृत्त झाले होते. बाईंना पाहिलेलं त्या टेबलाभोवती माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी भिंतीकडच्या खुर्चीत फाईल घेऊन बसले होते.

परीक्षा नियंत्रक म्हणाले, "सर, ही जागा आम्हाला द्या. उत्तरपत्रिका ठेवायला जागा नाही. गठ्ठे व्हरांड्यात पडलेत, उंदीर लागलेत. परीक्षा भवनापासून हे घर पाच मिनिटांवर आहे."

"चांगलंच आहे की," कुलगुरू म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "अट-बिट काही आहे का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. सर, अट नाही, पण दात्याची इच्छा अशी होती. ते वाक्य मी घरून तोंडपाठ करून आले होते. पण त्याच्यामागून दुसरा प्रश्न येणार हे मला दिसत होतं. मग कागदावर का नाही? आणि त्याचं उत्तर मीच होते.

"नाही सर," मी म्हणाले. "विनाअट आहे."

"उत्तम. विषय पंधरा."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी ताबा द्यायला गेले. बरोबर परीक्षा विभागाचा एक अधीक्षक आणि आमचा शिपाई. दारात टेम्पो उभा होता. हमाल कापडात शिवलेले गठ्ठे आत नेऊन टाकत होते. बाईंचं सामान भाच्यानं हलवलं होतं. ज्या खोलीत बाया पुटपुटत बसलेल्या मी पाहिल्या होत्या, तिथे गठ्ठे छातीइतके उंच झाले होते. मी ओसरीवर उभी राहून पंचनाम्याच्या तीन प्रतींवर सह्या करत होते. दुपारचे चार वाजले असतील.

फाटकातून चार जणी आत आल्या. खांद्याला पिशव्या, एकीच्या हातात स्टीलचा डबा. टेम्पो बघून त्या थबकल्या. त्यातली मोठी, चाळिशीकडे झुकलेली, पुढे आली.

"बाई आहेत का आत?"

"बाई ऑगस्टमध्ये वारल्या," मी म्हणाले.

ती पायरीवर बसली. मागच्या तिघींपैकी एक नवीन असावी. तिला काही कळलं नाही, ती नुसतीच इकडेतिकडे बघत राहिली. मोठीनं पदर तोंडाला लावला. हमाल तिला वळसा घालून जात होते.

"आम्हाला कळलंच नाही हो," ती शेवटी म्हणाली. "एप्रिलात बऱ्या होत्या. मला म्हणाल्या, एकच पेपर राहिलाय तुझा, ऑक्टोबरात काढून टाक." तिनं डोळे पुसले. "मग आता हे घर कुणाचं?"

"विद्यापीठाचं."

"हां, मग बरोबर." तिचा चेहरा एकदम सैल झाला. ती उठली, पिशवी उचलली. "बाईंनी सांगितलं होतं. मी असले नसले तरी तुम्ही सरळ यायचं, घर विद्यापीठाला लिहून दिलंय, तिथे सगळी सोय करून ठेवलीय. आम्ही कुठल्या खोलीत जायचं?"

अधीक्षक मध्येच म्हणाला, "अहो बाई, गोडाऊन आहे हे. इथे राहता नाही येणार."

ती त्याच्याकडे बघून हसली. गैरसमज झालाय आणि तो आपण आत्ता दूर करू, असं ते हसणं होतं. "नाही साहेब, तुम्हाला माहीत नसेल. विद्यापीठात उंबरकर मॅडम आहेत, त्यांच्याकडे आहे हे सगळं. बाईंनी त्यांचं नाव सांगून ठेवलंय. काही अडलं तर त्यांना भेटा म्हणून." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हीही विद्यापीठातल्याच ना? तुम्ही ओळखता का त्यांना? की तुम्हीच त्या?"

शिपाई माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणाले. "त्यांची बदली झाली."

हे तोंडातून कसं निघालं ते मला आज वीस वर्षांनीही सांगता येत नाही. त्याच्या आधीचं सगळं सांगता येतं. सातवं कलम, टिपणी, परिषद, प्रत्येकाचं काहीतरी कारण देता येतं, आणि मी ते स्वतःला देतही आले. याचं देता येत नाही. विद्यापीठातून कुणाची बदलीही होत नसते.

"मग आता?" ती म्हणाली. "पेपर उद्या सकाळी आहे."

मी त्यांना स्टँडसमोरच्या लॉजचं नाव सांगितलं. तिथे बायकांना एकट्यानं खोली देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझं घर तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर. मुलगा शिकायला पुण्याला होता, नवरा बदलीच्या गावी. तीन खोल्यांत मी एकटी. हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी पुढे माझ्या बहिणीला सांगितलं. सुचलं होतं. पण घरी नेलं असतं तर नाव सांगावं लागलं असतं.

चौघींनी पिशव्या उचलल्या. नवीन मुलगी मोठीला हळूच काहीतरी विचारत होती आणि मोठी तिला "बघू, होईल काहीतरी" म्हणत होती. फाटकापर्यंत गेल्यावर मोठी परत वळली. मला वाटलं तिनं ओळखलं.

"मॅडम, एक काम कराल? त्या उंबरकर मॅडम कधी भेटल्या तर सांगा त्यांना, आम्ही येऊन गेलो म्हणून. नाहीतर त्या बिचाऱ्या वाट बघत राहतील."

"सांगते," मी म्हणाले.